दोनपासून सुरू होणारं कापड

त्या वर्षी फेब्रुवारीत बेटावर आलेल्या वादळाने आमच्या घरावरचा पत्रा उचलला आणि पाद्रीबाबांच्या अंगणात नेऊन ठेवला. पाद्रीबाबांनी तो आठ दिवस परत दिला नाही. देवाने वस्तू जिथे ठेवली तिथे ठेवण्यात त्याचा काही हेतू असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी पाऊस पाद्रीबाबांच्या घरात गळत नव्हता आणि आमच्यात गळत होता, यातही देवाचा हेतू असेल का, असं माझ्या बायकोने, केलेसीने, प्रार्थनेनंतर सर्वांदेखत विचारलं, तेव्हा पत्रा घरी आला.

पत्र्याचं काही नाही. मागच्या वाडीतली सालीची झाडं मात्र वादळात आडवी झाली ती आडवीच राहिली. आडव्या खोडाला जागोजाग फुटवे येतात. फुटवा आला की सालीत गाठ पडते, आणि बडवून कापड करताना गाठीवर लाकडी मोगरी बसली की भोक. त्यात ऑक्टोबरात माझ्या धाकट्या भावाचं, पेनीचं, लग्न ठरलेलं. मुलगी नेइआफूची, बंदराची. तिच्या माणसांसमोर निदान पन्नास खणांचं सालीचं कापड अंथरायला हवं होतं. हातभर लांबीचा एक खण, आणि काठावर त्याचा आकडा काढलेला, म्हणजे पाहुण्यांना मोजायचा त्रास नको. साली सोलल्या, वाळवल्या, गुंडाळल्या आणि मोळ्या बांधल्या, तर भरल्या तीन. एका मोळीचे नऊ खण होतात.

"सत्तावीस," मी म्हणालो.

"मास्तर घरात असल्याचा हा फायदा," केलेसी म्हणाली. "वाईट बातमी लगेच कळते."

बडवायला तिघी. केलेसी, शेजारची मेलिआमे आणि लुपे आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अडुसष्ट. बापाची बहीण आमच्याकडे बापापेक्षा वरची असते. ती भाच्याच्या घरात येईल, हवं ते उचलेल आणि जाईल. भाच्याने फक्त वस्तू दाराबाहेर काढायला हात लावायचा. लुपे आत्यांनी एकदा माझी नवी सायकल नेली. त्यांना सायकल येत नव्हती. ती त्यांच्या मुलीच्या, लेसिएलीच्या, अंगणात चार वर्षं उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या झोपत. मी शाळेत चालत जायचो. आत्यापुढे तोंड उघडायचं नाही, हे आमच्याकडे पोराला शिकवावं लागत नाही.

विधवा झाल्यापासून आत्या आमच्याकडेच राहायच्या, आणि नीरफणसाच्या झाडाखाली जो लांब ओंडका होता त्याच्या बरोबर मधोमध बसायच्या. उजवीकडे केलेसी, डावीकडे मेलिआमे. साली रात्रभर पाण्यात भिजलेल्या. उजाडलं की पहिला ठोका आत्यांचा. फार जोराचा नाही. टक्. मग दोघींचे. ओंडका दोन दगडांवर ठेवलेला असल्यामुळे पोटातून घुमायचा आणि सगळ्या गावाला कळायचं की मास्तरांच्या घरी काम लागलं आणि मास्तर अजून झोपलेत.

"केलेसी, तुझा नवरा उठला का गं? की त्यालाही भिजत घातलाय?"

"उठलेत, आत्या. चटई शोधतायत."

"कमरेला बघ म्हणावं."

शाळेत जायचं तर कमरेला चटई गुंडाळावी लागते. ती कमरेलाच होती.

"सेमिसी," आत्या मला म्हणाल्या, "तू म्हातारपणी स्वतःलाच शोधत फिरणार आहेस."

मेलिआमे हसली की तिची मोगरी चुकायची. अंगाने दणकट बाई. तिच्या दंडांना गावात तोड नव्हती. ती जोर लावायची, सालीची पट्टी सरसर रुंदावत जायची, आणि मध्येच "गेलं!" असं ओरडायची. गाठीवर भोक पडलेलं असायचं. आत्यांच्या हातून भोक पडत नसे. त्यांची बोटं सांध्यांपाशी सुजलेली, अंगठ्याला फडकं बांधलेलं. त्या डाव्या अंगठ्याने सालीवरून हात फिरवत, गाठ लागली की मोगरीची खाचांची बाजू फिरवून गुळगुळीत बाजूने तिच्या भोवती भोवती हलके मारत, आणि न बघता डावीकडे उजवीकडे सांगत, "मेलिआमे, तुझ्या चार बोटं पुढे आहे. केलेसी, तुझ्या गुडघ्यासमोर." हे मी रोज सकाळी बघायचो. चहा पीत.

आठ दिवसांत पहिली मोळी संपली. रविवार सोडून. रविवारी आमच्याकडे मोगरी हातात धरणंसुद्धा पाप.

दुसऱ्या दिवशी शाळेत अपूर्णांकांची समीकरणं होती.

हा धडा मला कधीच आवडला नाही, कारण तो पोरांना कधीच कळला नाही. पुस्तकात दोन नळ मिळून एक हौद भरत होते. आमच्या गावात हौद पावसाने भरतो, आणि नळाने रिकामा होतो. मी "दोन नळ हौद भरतात" म्हटलं की वर्ग माझ्याकडे जरा काळजीने बघायचा. म्हणून त्या वर्षी मी ठरवलं, नळ नकोत. पोरांच्या डोळ्यांसमोरचं काहीतरी घ्यावं. वर्गाच्या खिडकीतून आमचा ओंडका रोज ऐकू यायचा.

फळ्यावर लिहिलं. केलेसी आणि मेलिआमे दोघी मिळून एक मोळी नऊ दिवसांत बडवतात. हे मला माहीत होतं, कारण आदल्या वर्षी आत्या लेसिएलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या तेव्हा दोघींना नऊ दिवस लागले होते. आत्या बसल्या की तिघींना आठ. तर आत्यांना एकट्यांना किती दिवस लागतील? ते क्ष.

एक छेद नऊ, अधिक एक छेद क्ष, बरोबर एक छेद आठ.

"आता क्षला एकटा काढा," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी अठ्ठावीस पाट्या वर आल्या. अठ्ठावीसांवर एकच उत्तर. पोरांनी सगळे अपूर्णांक एका दमात उलटे केले होते. नऊ अधिक क्ष बरोबर आठ. क्ष बरोबर वजा एक.

"एलेनोआ," मी मेलिआमेच्या मुलीला विचारलं. वर्गात तीच काय ती विचार करायची. "वजा एक दिवस म्हणजे काय?"

ती उभी राहिली. "म्हणजे आत्या आज बसल्या की मोळी काल संपते, सर."

"असं होईल का?"

एलेनोआने खिडकीबाहेर बघितलं. "आत्यांचं सांगता येत नाही, सर."

वर्ग खूश झाला. मी झालो नाही. छडीने फळ्यावर ठोकून मी समजावलं. आधी नवाचा तुकडा पलीकडे न्यायचा, जाताना चिन्ह बदलायचं. एक छेद आठ, वजा एक छेद नऊ. छेद सारखे करायचे. बहात्तरातले नऊ, वजा बहात्तरातले आठ. उरला बहात्तरातला एक. आता इकडे एक छेद क्ष, तिकडे एक छेद बहात्तर. आता उलटं करा. आता परवानगी आहे.

"क्ष बरोबर बहात्तर!" वर्ग ओरडला.

"बहात्तर दिवस," मी म्हणालो. "म्हणजे आत्या हळू हळू, आपलं..." आणि मी म्हाताऱ्या बाईसारखी मान डुगडुगवत फळ्यावर खडूचे दोन-चार ठोके मारले.

वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. वर्ग हसला की मास्तरला वाटतं, धडा कळला. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी कळलाही होता. पुढची सगळी उदाहरणं पोरांनी बरोबर सोडवली. माझ्या नोकरीत तसं एकदाच झालं.

संध्याकाळी मी कावा प्यायला गेलो. पुरुष मंडळी गोल बसलेली, मध्ये त्या मुळीच्या पेयाचं लाकडी भांडं. मी मांडी घालतोय तोच होडीवाला मानासे म्हणाला, "या, मास्तर. बहात्तर बऱ्या आहेत ना?"

सगळे हसले. दुपारी चारला शाळा सुटली होती आणि साडेपाचला ते गावभर झालं होतं. इथे मी काय करायला हवं होतं ते मला आजही नीट माहीत आहे. कोणी दुसऱ्याच्या आत्याबद्दल असं बोललं तर उठून जायचं असतं. मी उठलो नाही. मानासेला गणित कळलं नव्हतं, म्हणून मी नारळाच्या वाट्या मांडून त्याला ते पुन्हा समजावून सांगितलं.

सोमवारी सकाळी दुसऱ्या मोळीच्या साली पाण्यातून काढल्या. मी चटई बांधून पायरीवर उभा. आत्यांचा पहिला ठोका पडला आणि रस्त्याने शाळेत जाणाऱ्या पोरांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. पोरं आपली चालतायत, आत्या आपल्या बडवतायत. तेविसाव्या ठोक्याला आत्यांनी हात थांबवला. पोरंही थांबली. आत्यांनी पुन्हा मारला. "चोवीस," पोरं म्हणाली आणि पळाली.

"काय मोजतायत गं?" आत्यांनी विचारलं.

मेलिआमे पाण्यात साल खळबळायला लागली. ती धुतलेलीच होती. केलेसीने माझ्याकडे बघितलं.

"सेमिसी? काय मोजतायत?"

"ते... एक उदाहरण आहे, आत्या. शाळेतलं."

"कसलं?"

"दिवसांचं."

"दाखव."

मी कोळसा घेतला आणि ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर ते समीकरण लिहिलं. आत्या जागेवरून उठल्या, गुडघ्यावर हात देऊन माझ्याशेजारी खाली बसल्या. आमच्यात भाचा आत्यापेक्षा खाली बसतो. मला आणखी खाली जायला जागा नव्हती.

"हे नऊ कुठले?"

"गेल्या वर्षीचे. तुम्ही लेसिएलीकडे होतात ना, तेव्हाचे."

"आणि आठ?"

"आत्ताचे."

"आणि वरती हा एक?"

"एक म्हणजे एक मोळी, आत्या."

"कुठली मोळी?"

"कुठलीही. गणितात एक म्हणजे एक."

आत्यांनी हातातल्या ओल्या सालीवरून अंगठा फिरवला. एका ठिकाणी तो थांबला. त्यांनी साल तशीच माझ्या हातात दिली. मी ती परत ओंडक्यावर ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी नसले तर एकच दिवस जास्त लागतो."

"तसं नाही, आत्या..." केलेसी म्हणाली.

"अगं, लिहिलंय ना तसं." मोगरी त्यांनी नेसूच्या टोकाने पुसली, दोन्ही बाजूंनी, खाचांमधूनसुद्धा, आणि ओंडक्याच्या मधोमध आडवी ठेवली. आत जाऊन गाठोडं बांधलं. जाताना माझ्यासमोर थांबल्या.

"शाळेला उशीर होईल, मास्तर."

त्याआधी त्या मला कधी मास्तर म्हणाल्या नव्हत्या.

लेसिएलीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधे देऊळ आणि पाद्रीबाबांचं अंगण. फार लांब नाही. वारा तिकडून असला की तिच्या कोंबड्या ऐकू येत.

दोघींनी काम सुरू केलं. पहिल्या दिवशी मला वर्गात बसून ऐकू आलं की काहीतरी गडबड आहे. दोन ठोके एकावर एक पडायचे, मग बराच वेळ एकही नाही. केलेसी मेलिआमेची वाट बघायची आणि मेलिआमे केलेसीची. मोगरीवर मोगरी आपटून मेलिआमेच्या करंगळीचं नख काळं पडलं. "गेलं!" आता दर थोड्या वेळाने ऐकू यायचं. भोक पडलं की त्यावर सालीचं ठिगळ चिकटवायचं, ते बडवायचं, आणि ठिगळ दुसऱ्या सालीतून काढायचं. पाचव्या दिवशी केलेसीच्या तळहाताला फोड आले. तिने त्यावर केळीचं पान बांधलं. सातव्या दिवशी ते रक्ताने चिकटलं होतं, ते सोडवायला तिला पाण्यात हात धरून बसावं लागलं.

"मी बसू का?" मी विचारलं.

पुरुषाने मोगरी धरलेली आमच्या गावात कोणी बघितली नव्हती. केलेसीने बघायची इच्छा दाखवली नाही. "तुम्ही पाणी आणा," ती म्हणाली.

मी पाणी आणलं. साली खरवडल्या. चिकटवायची कांजी शिजवली आणि करपवली. मधली मोगरी आत्यांनी ठेवली होती तशीच होती. दोघी तिला न हलवता दोन्ही टोकांना बसत. संध्याकाळी ओंडक्यावर पान झाकताना केलेसी तिच्यावरही झाकायची.

दुसरी मोळी बाराव्या दिवशी संपली.

त्या दिवशी मी शाळेच्या वहीतला कागद फाडला आणि पायरीवर बसलो. यंदाची साल, यंदाच्या गाठी, दोघी. बारा दिवस. यंदाची साल, यंदाच्या गाठी, तिघी. आठ. एक छेद आठ, वजा एक छेद बारा. चोवीसातले तीन, वजा चोवीसातले दोन. चोवीसातला एक. क्ष बरोबर चोवीस.

दोघींना मिळून बारा, म्हणजे एकीला चोवीस. आत्यांनाही चोवीस. अडुसष्टाव्या वर्षी, फडकं बांधलेल्या अंगठ्याने, त्या मेलिआमेच्या दंडांइतकं काम करत होत्या.

माझे छेद बरोबर होते, चिन्हं बरोबर होती. वरचा एक चुकला होता. नवावरचा एक वादळाआधीच्या लुसलुशीत सालीचा होता आणि आठावरचा एक यंदाच्या गाठींचा. दोन वेगळ्या मोळ्या मी एकाच फळ्यावर सारख्या आकड्याने लिहिल्या. आत्यांनी मला ती साल हातात देऊन विचारलंही होतं, कुठली.

मी कागद केलेसीला दाखवला. तिला गणित येत नव्हतं, पण तिने चोवीस हा आकडा बघितला.

"हे काय?"

"आत्या. त्यांचे चोवीस येतात. तुझ्याइतकेच."

"हे मला कागदाशिवाय माहीत होतं," ती म्हणाली. "आणि ठोका? तो कुठे लिहिलाय?"

"तो... तो लिहिता येत नाही."

"मग निदान हे तरी जाऊन सांगा. उद्या. रविवार आहे, तुम्हाला दुसरं काम नाही."

रविवारी देवळानंतर मी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं घेऊन लेसिएलीकडे गेलो. कागद खिशात. आत्या चटईवर बसून नातवाला पोटावर नाचवत होत्या. मी उंबऱ्यापाशी खाली बसलो.

"मास्तर आलेत," त्या नातवाला म्हणाल्या. "सरळ बस."

"कशा आहात, आत्या?"

"मला काय झालंय."

"नीरफणस पिकायला लागलेत आमच्याकडचे."

"लागणारच. महिना आला त्यांचा."

"यंदा वादळाने जरा कमी आलेत."

"हो ना."

लेसिएलीने चहा दिला. मी प्यालो. कागद बाहेर काढावा तर लेसिएलीचा नवरा तिथेच होडीचं वल्हं तासत बसलेला. रविवारी काम करू नये, पण मी त्याला काही बोललो नाही, कारण त्याने मग माझ्याकडे बघितलं असतं. तो आत गेला तेव्हा नातू रडायला लागला. नातू झोपला तेव्हा पाद्रीबाबा आले. पाद्रीबाबांसमोर आत्याची चूक... म्हणजे माझीच, पण आत्यांविषयीची, कशी काढायची? मी पुन्हा नीरफणसांवर आलो.

निघताना आत्या म्हणाल्या, "सायकल घेऊन जा हवी तर. मला कुठे चालवता येते."

आत्याने भाच्याकडून नेलेली वस्तू परत केल्याचं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. नंतरही ऐकलं नाही.

मी सायकल ढकलत आणली. चाकांत हवा नव्हती आणि बैठकीवर कोंबड्यांचं चार वर्षांचं काम होतं. केलेसी दारात उभी होती.

"सांगितलंत?"

"त्यांनी सायकल दिली."

"मी विचारलं, सांगितलंत का."

मी सायकल भिंतीला टेकवली. ती पडली. पुन्हा टेकवली.

तिसऱ्या मोळीलाही बारा दिवस लागले. तिघी असत्या तर एव्हाना कापड रंगून वाळलं असतं. लग्नाला पाचच दिवस उरले होते. सगळ्या आळीतल्या बायका येऊन बसल्या, पट्ट्यांना पट्ट्या चिकटवल्या, तपकिरी रंगाचे बोळे चोळून चोळून हात कोपरापर्यंत तपकिरी झाले. एक दिवस पावसाने घालवला. ठिगळं दिसत होती. पहिल्या नऊ खणांत मात्र मोजकीच होती, आणि पुढच्यांशी जोडलं की ते लांबूनही ओळखू यायचे. शेवटी आकडे. आकडे काढायचं काम नेहमी माझं, माझे आकडे वळणदार म्हणून गावात नाव आहे. मी काळ्या रंगात बोरू बुडवून एकपासून सत्तावीसपर्यंत काढले. एक मी फार जपून काढला.

लग्न देवळासमोरच्या हिरवळीवर झालं. नेइआफूची माणसं दोन होड्या भरून आली. पेनी नव्या चटईत एवढा आवळला होता की त्याला पाद्रीबाबांच्या प्रश्नाला "हो" म्हणायलाही श्वास दोनदा घ्यावा लागला. मग कापड आलं. आठ बायकांनी दोन्ही काठ धरून ते नाचवत आणलं आणि लुपे आत्यांच्या समोर अंथरलं. त्या नवऱ्या मुलाची आत्या, म्हणून चटयांच्या ढिगावर सगळ्यांत उंच बसल्या होत्या. रिवाजाप्रमाणे ते सगळं कापड त्यांचं. त्यांनी नुसती मान हलवायची, की ते गुंडाळून त्यांच्या मागे ठेवायचं. मागाहून त्यांना वाटलं तर त्या कोणाला देतील, नाहीतर नाही.

आत्यांनी मान हलवली नाही. त्या ढिगावरून उतरल्या.

"लेसिएली, कात्री दे गं."

कापडाच्या टोकाला, जिथे एक होता, तिथे त्या गुडघ्यांवर बसल्या. अंगठ्याने एक आणि दोन यांच्यामधली रेघ चाचपली.

"आत्या," केलेसी हळूच म्हणाली, "सगळं तुमचंच आहे हो."

"कसं असेल? पहिल्या नऊ खणांना माझा हात लागलाय. पुढच्यांना नाही." आवाज चढला नव्हता. दुपारी वाढताना विचारतात तसा होता. "आठ दिवस बसले. बहात्तरातले आठ. म्हणजे नवातला एक. मी एलेनोआकडून करून घेतलं. बरोबर ना गं?"

एलेनोआ आईच्या मागे उभी होती. चौदा वर्षांची पोर. "बरोबर, आत्या," ती म्हणाली आणि मेलिआमेच्या पाठीत तोंड लपवलं.

"बरोबर ना, मास्तर?"

खिशात तो कागद होता. मी तो लग्नालाही घेऊन गेलो होतो, का ते मला माहीत नाही. चोवीसातले आठ, म्हणजे तीनातला एक. नवातले तीन. एवढंच म्हणायचं होतं. चूक, आत्या, तीन. चूक माझी. नेइआफूची माणसं बघत होती, पाद्रीबाबा बघत होते, माझी अठ्ठावीस पोरं कपाळाला तेल लावून बघत होती. मानासे बघत होता.

आत्यापुढे तोंड उघडायचं नाही. तो रिवाज मी त्या दिवशी पाळला.

कात्री सालीतून गेली तेव्हा वाळलेल्या पानावरून कोणी चालावं तसा आवाज झाला. आत्यांनी तो एक खण घडी घालून काखेत धरला. "बाकीचं ज्यांचं त्यांना," असं म्हणून त्या पुन्हा ढिगावर जाऊन बसल्या आणि पेनीला जवळ बोलावून त्याची चटई सैल करून दिली.

नेइआफूच्या लोकांना वाटलं, काय निगर्वी बाई आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावातल्या कोणी टाळी वाजवली नाही, आणि कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. उठून जायला हवं तेव्हा ते सगळे असे बसूनच राहतात, माझ्यासारखे.

आत्या पुढे अकरा वर्षं जगल्या. आमच्या घरी यायच्या, जेवायच्या, मला मास्तर म्हणायच्या. घरातली एकही वस्तू त्यांनी पुन्हा नेली नाही. मी चांगल्या चांगल्या वस्तू दारापाशी ठेवून बघितल्या. ओंडक्यावर त्या बसल्या नाहीत. त्या खणात त्या आपलं भजनांचं पुस्तक गुंडाळून ठेवत. गेल्या तेव्हा लेसिएलीने ते तसंच त्यांच्या हाताखाली ठेवलं. माझा वळणदार एक वरच्या बाजूला होता.

मी नोकरीत होतो तोवर तो धडा नळांवरच शिकवला. दोन नळ मिळून एक हौद भरतात. पोरं काळजीने बघायची. मी बघू द्यायचो.

कापड आमच्या घरी माळ्यावर आहे. लग्नाला, मयताला ते खाली येतं. अंथरलं की कोणीतरी सोयऱ्यांतलं नवीन माणूस काठावरून बघत जातं आणि पहिल्या टोकाशी थांबतं. दोन. तीन. चार. मग मला विचारतं, "मास्तर, एक कुठे गेला?"

केलेसी माझ्याकडे बघते.

"तो चुकला होता," मी म्हणतो.